पाठीवरचे सिलिंडर काखेत

माझा नवरा पाण्याखाली काम करायचा. मुलुंडला आमच्या चाळीत हे कुणाला नीट समजायचं नाही. कुणाला वाटायचं तो पोहायला शिकवतो, कुणाला वाटायचं बोटीवर खलाशी आहे. खरं म्हणजे तो नौदलातून बाहेर पडला होता आणि एका खाजगी कंपनीत पाणबुड्या होता. जहाजाच्या पंख्यात अडकलेले दोर कापायचे, धक्क्याचे खांब पाण्याखालून हात लावून तपासायचे, असली कामं. मुंबईचं पाणी इतकं गढूळ की बऱ्याचदा तो डोळ्यांनी नाही, हातांनीच बघायचा.

आम्ही दोघं एकमेकांना अरे-तुरे करायचो. ठरवून झालेलं लग्न नव्हतं. तो मालवणकडचा, त्याचे वडील गिरणीत होते. मी वर्सोव्याची कोळ्याची मुलगी. माझे बाबा तेव्हाही स्वतःच्या होडीवर जायचे. जावई पाण्यातला आहे एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी लग्नाला हो म्हटलं होतं.

त्या काळात पाणबुडे पाठीवर दोन सिलिंडर घ्यायचे. पोलादी, शेजारी शेजारी पट्ट्यांनी आवळलेले, आणि वर दोन्हींना जोडणारी एक आडवी नळी. पाण्यात त्याचं ओझं जाणवत नाही, पण पाण्याबाहेर ते तांदळाचं पोतं पाठीवर बांधल्यासारखं असतं. एका सकाळी असंच ओझं घेऊन धक्क्याच्या पायऱ्या उतरताना शेवाळावर त्याचा पाय सरकला. तो पाण्यात पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं. तो सिलिंडरसकट पायरीवर दाणकन बसला आणि कमरेतली चकती सरकली.

पुढचे कित्येक महिने तो जमिनीवर सतरंजी टाकून पडून होता. हळूहळू उठला, चालायला लागला. घाटकोपरच्या डॉक्टरांनी शेवटी तपासून सांगितलं, "आता कामाला जा. पण वजन उचलायचं नाही. पाठीवर तर अजिबात नाही."

"पाण्यात गेलो तर चालेल?" त्याने विचारलं.

"पोहणं चांगलंच की. पाण्यात कसलं आलंय वजन?"

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "ऐकलंस ना? वजन पाण्यात नाहीच आहे. पाण्यापर्यंत जाण्यात आहे."

कंपनीने त्याला वरचं काम दिलं. दुसरे खाली जायचे आणि हा बोटीवर बसून त्यांची दोरी धरायचा, घड्याळ बघायचा. पगार चालू होता, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण आधी तो घरी यायचा तेव्हा त्याचे केस ओले आणि खारट असायचे. आता ते कोरडे असायचे, आणि मला ते बघवायचं नाही.

एका रविवारी मी भाकऱ्या थापत होते. तो आतल्या खोलीत जमिनीवर पालथा पडला होता, आणि त्याने दोन्ही काखांत एकेक लोड धरला होता.

"काय चाललंय तुझं?"

"इकडे ये. माझ्या पाठीवर काय आहे?"

"काही नाही."

"आणि हवा कुठे आहे?"

मला काही समजेना. मग त्याने उठून सांगितलं. नौदलात असताना कुणीतरी एक परदेशी मासिक आणलं होतं. त्यात डोंगरातल्या पाणी भरलेल्या गुहांमध्ये शिरणाऱ्या लोकांचा फोटो होता. वाट इतकी अरुंद की पाठीवर सिलिंडर घेतला तर माणूस वरच्या दगडात अडकेल. म्हणून त्या लोकांनी सिलिंडर काढून अंगाच्या दोन बाजूंना, काखेपासून कमरेपर्यंत लावले होते. ते कसे बांधले होते हे फोटोत दिसत नव्हतं. पण सिलिंडर बाजूला लावता येतात, एवढं त्याच्या डोक्यात राहिलं होतं.

"बाजूला असतील तर ते पाण्यातच लावता येतील," तो म्हणाला. "मी मोकळा उतरेन. सिलिंडर कुणीतरी दोरीने खाली सोडेल. एक या बाजूला अडकवायचा, एक त्या बाजूला. पाठीला काही कळणारच नाही."

"आणि अडकवायचे कशाला?"

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मला समजलं की हे माझ्याकडे आलं आहे.

मी तेव्हा अंधेरीला, साकीनाक्याच्या बाजूला, बॅगांच्या कारखान्यात शिवणकाम करायचे. डोंगर चढणाऱ्यांच्या पाठपिशव्या, शाळेची दप्तरं, लष्करी दिसणाऱ्या खाकी थैल्या. पट्टे जोडणं हे माझं काम. जाड नायलॉनचा पट्टा दुसऱ्या पट्ट्यावर ठेवून चौकोनात टीप मारायची आणि मध्ये फुली काढायची, म्हणजे पट्टा फाटेल पण शिवण उसवणार नाही.

कंपनीत एक जुनी जोडी पडून होती. आवळायचे पट्टे गंजून गेले होते, पण सिलिंडर तपासणीत चांगले ठरले होते. साहेबांनी ते त्याला घेऊन जाऊ दिले. ही जोडी सोडवायचं काम त्याच्या एका मित्राने अंगावर घेतलं. हा मित्र विलेपार्ल्याचा, त्याच कंपनीत पाणबुड्या, आणि बोलायला इतका फटकळ की घरी आला की चाळभर आवाज जायचा. कांजूरमार्गच्या एका वर्कशॉपमध्ये दोघांनी मिळून वरची आडवी नळी काढली आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र तोटी बसवली. आता दोन सिलिंडर म्हणजे दोन वेगळ्या वस्तू झाल्या. प्रत्येकाची हवेची नळी वेगळी, तोंडात धरायचा तुकडा वेगळा, हवा किती उरली हे दाखवणारा काटाही वेगळा.

"म्हणजे आधी जोडी होती तेव्हा दोन्हीतली हवा एकत्र यायची," मित्र मला समजावत होता. "आता तसं नाय. थोडा वेळ यातून श्वास घ्यायचा, मग तो तोंडातून काढून त्यातून. दोन्ही बाजू सारख्या संपवायच्या. नायतर एक हलका, एक जड, आणि तुझा नवरा कलंडलेल्या होडीसारखा."

"विसरला तर?"

"विसरायचं नाय, बस."

पट्ट्यांचं माप घ्यायला मी नवऱ्याला उभा केला. खांद्यावरून दोन पट्टे, कमरेला एक, आणि ते पाठीमागे जुळवणारा एक. घालून बघितलं तर झकास बसलं. मग तो जमिनीवर पालथा झाला आणि सगळंच सैल पडलं. उभ्या माणसाचं शरीर वेगळं असतं आणि पाण्यात आडव्या पडलेल्या माणसाचं वेगळं, हे तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं. मी ते सगळं उसवलं. त्याला सतरंजीवर पालथा झोपवून त्याच्या पाठीवरच खडूने खुणा केल्या आणि पुन्हा शिवलं.

सिलिंडरची मान काखेत धरून ठेवायला ताणणारं काहीतरी हवं होतं. सायकलची जुनी ट्यूब कापून तिची वादी पाठीवरून घेतली, दोन्ही टोकांना फासे केले. ते तोटीच्या मानेत अडकायचे. सिलिंडरच्या खालच्या टोकांना हूक लावायचे होते, गंजणार नाहीत असे. ते बाबांनी वर्सोव्याहून आणले, होडीच्या सामानातले पितळी. ते अडकवायला कमरपट्ट्यावर मी दोन कड्या शिवल्या.

शेवटची जाड टीप घरच्या मशीनवर बसेना, म्हणून ते सगळं मी कारखान्यात नेलं. मालकाने हातात घेऊन उलटसुलट केलं. "ही कसली बॅग? सामान कुठे ठेवायचं?"

"हवा ठेवायचीय," मी म्हटलं. त्यांनी दुपारच्या सुट्टीत मशीन वापरू दिलं.

आमच्या मागच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, दगडाची एक बंद पडलेली खाण होती. सुरुंग लावून दगड काढून झाल्यावर खड्डा तसाच सोडला होता आणि तो पाण्याने भरला होता. पावसाळ्यात ते पाणी चहासारखं असायचं. पण हिवाळा लागला की गाळ खाली बसायचा आणि पाणी हिरवट, स्वच्छ व्हायचं. एका बाजूला उताराचा रस्ता पाण्यात गेला होता. तिथे बायका कपडे धुवायच्या.

तिथे आम्ही चौघं गेलो. नवरा, मित्र, मी आणि बाबा. दोरी धरायला बाबाच पाहिजेत असं नवऱ्याचं म्हणणं होतं. "दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते त्यांना हाताला कळतं," तो म्हणायचा.

तो कमरेइतक्या पाण्यात उतरला. मित्राने एकेक सिलिंडर पाण्यातून त्याच्याकडे ढकलला. त्याने मानेत फासा घातला, खाली हूक अडकवला, तोंडात तुकडा धरला आणि खाली गेला. मी काठावर गुडघ्यांवर बसून डोळ्यांवर काच चढवली आणि तोंड पाण्यात घातलं.

बघण्यासारखं काही नव्हतं. सिलिंडरची वरची टोकं काखेत होती, पण खालची टोकं लोंबत होती. तो पाण्यात उभाही नव्हता, आडवाही नव्हता. एका बाजूला झुकायचा, हात मारून सरळ व्हायचा, मग दुसऱ्या बाजूला झुकायचा. लगेच वर आला.

"वाट लागली," मित्र म्हणाला.

"लागली नाही. हूक पुढे आहेत," नवरा म्हणाला. "हे बघ, वजन पोटाखाली ओढतंय. कड्या मागे पाहिजेत, पार मागे, बसतो त्या जागेवर."

मी दाभण आणि मेणाचा दोरा बरोबर नेला होता. खाणीच्या दगडावर बसून ओला पट्टा मांडीवर घेतला, कड्या उसवल्या आणि मागे सरकवून हाताने शिवल्या. नायलॉन ओला झाला की दाभण निसटतं, त्यामुळे वेळ लागला. बाबा शेजारी बसून दोरीची गुंडाळी करत होते. नवरा थंडीत कुडकुडत उभा होता, पण घरी जाऊया असं कुणीच म्हणालं नाही.

दुसऱ्यांदा तो गेला तेव्हा मी पुन्हा तोंड पाण्यात घातलं. आणि जे बघितलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

तो आडवा झाला. अगदी सपाट, जसा घरी सतरंजीवर पडायचा तसा, पण खाली सतरंजी नव्हती, काहीच नव्हतं. दोन्ही सिलिंडर त्याच्या अंगाला लागून, अंगाच्याच रेषेत. त्याने पाय हलवले नाहीत, हात हलवले नाहीत. तो तसाच पाण्याच्या मधोमध थांबला. श्वास घेतला की किंचित वर यायचा, सोडला की किंचित खाली. महिनोन् महिने मी त्या पाठीला तेल लावलं होतं. सतरंजीवरून उठताना ती पाठ कशी वाकडी व्हायची, खोकताना तो भिंत कशी धरायचा, सगळं मला पाठ होतं. आणि आता ती पाठ माझ्यासमोर मोकळी होती. तिच्यावर एक रबराची वादी आणि माझे पट्टे, बाकी काही नाही. त्याला दुखत नव्हतं. ते वरूनसुद्धा दिसत होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि काचेच्या आत साठलं. मी तोंड वर काढलं.

"काय गो, बरा हाय ना?" बाबांनी विचारलं.

मी मान हलवली. दोरीवर त्यांची बोटं होती. ते म्हणाले, "हां. आता ओढत नाय तो. शांत हाय."

त्या हिवाळ्यात आम्ही जवळजवळ प्रत्येक रविवारी खाणीवर जायचो. सिलिंडर भरून आणायचं काम मित्राचं. मला पोहायला लहानपणापासून येत होतं, पण आमच्याकडच्या बायका मासळी विकतात, पाण्याखाली जात नाहीत. नवऱ्याने मला आधी उथळ पाण्यात बसून नुसता श्वास घ्यायला शिकवलं. मग एक सिलिंडर, मग दोन. पाठीवरची जुनी जोडी मला जमिनीवरून इंचभरही उचलता आली नसती. आता मी पाण्यात हात पसरून उभी राहायचे आणि सिलिंडर आपणहून तरंगत आल्यासारखा माझ्या काखेत यायचा. "आता हा तुझा," तो म्हणायचा आणि हूक लावायचा.

ज्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा पार तळापर्यंत गेलो, त्या दिवशी त्याने स्वतःसाठी कंपनीतून दुसरी जोडी मागून आणली होती, तशीच सोडवून, आणि मी पट्ट्यांचा दुसरा संच शिवला होता. उतार संपला आणि खाली कातळाची भिंत सुरू झाली. भिंतीवर पहारीच्या आणि सुरुंगाच्या उभ्या खुणा होत्या, कालच कुणी काम करून गेल्यासारख्या. एक लोखंडी शिडी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या पायऱ्यांवर गाळाचा मऊ थर होता. तळाशी एक बाभळ होती, वाळलेली, पण उभीच, आणि तिच्या फांद्यांमधून बोटाएवढे मासे झाडावरच्या पाखरांसारखे फिरत होते. वर बघितलं तर धुणं धुणाऱ्या बायकांचे पाय दिसत होते आणि साबणाचा पांढरा ढग हळूहळू पसरत होता. आवाज फक्त माझ्या श्वासाचा. मुलुंडमध्ये, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हे सगळं होतं, आणि वरून रोज इतकी माणसं जात होती.

मी बाभळीकडे बघत होते आणि अचानक बुडबुड्यांचा मोठा गडगडाट झाला. वळले तर नवरा दिसेना. त्याच्या डाव्या सिलिंडरच्या नळीतून हवा धो धो सुटली होती. सगळीकडे पांढरं झालं होतं. मी जागच्या जागी गोठले. त्याने शिकवलेलं सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं.

मग बुडबुड्यांच्या आत मला त्याचा हात दिसला. त्याने तोंडातला तुकडा काढला, गळ्यात लटकत होता तो दुसरा तोंडात घातला, आणि डाव्या काखेपुढे, अगदी डोळ्यांसमोर असलेली तोटी बघून बघून फिरवली. घरात पाण्याचा नळ बंद करावा तशी. गडगडाट कमी झाला, थांबला. पांढरा ढग वर निघून गेला आणि तो पुन्हा दिसला, तसाच सपाट, तसाच स्थिर. त्याने माझ्याकडे बघून अंगठा आणि बोट जुळवून खूण केली, ठीक आहे ना. तो मला विचारत होता. मी पण खूण केली. मग त्याने माझं मनगट धरलं आणि आम्ही भिंतीला धरून, घाई न करता वर आलो.

काठावर मित्राचा चेहरा उतरला होता. त्याने वरून बुडबुडे बघितले होते.

"डाव्याचं बिघडलं," नवरा म्हणाला. "उजव्यावर आलो. भरपूर होती."

"पाठीवर असतं तर?"

"तर तोटी डोक्यामागे. तिथे हात न्यायचा तर पाठ वळवायला लागते. माझी वळत नाही." मग डाव्या काखेपुढे हात ठेवून तो म्हणाला, "आणि इथे मला ती दिसत होती."

मित्राने डावी नळी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. मी गुडघे छातीशी घेऊन उन्हात बसले. भीती आता, वर आल्यावर, लागत होती. पण भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. माझ्या हातच्या टिपांवर तो माणूस त्या गडगडाटात लटकला होता आणि एकही टीप उसवली नव्हती.

बाबांना मी पुढे एकदा म्हटलं, "तुम्ही पण बघा ना खाली." ते हसले. आयुष्यभर ज्यांनी पाण्यावर पोट भरलं, त्यांनी पाण्याखाली कधी डोळे उघडले नव्हते. आमच्या समुद्रात उघडून दिसणार तरी काय, चिखलच. खूप मागे लागल्यावर ते ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर पालथे झाले. डोळ्यांवर काच लावली. तोंडात श्वास घ्यायची वाकडी नळी दिली. मित्र ट्यूब धरून उभा राहिला. मी खाली गेले, बाभळीपर्यंत. तिथून पाठीवर वळून वर बघितलं. ट्यूबच्या काळ्या गोलात बाबांचं तोंड होतं, आणि ते हलत नव्हतं. मी हात हलवला. बऱ्याच वेळाने त्यांनी पण एक हात पाण्यात घालून हलवला.

वर आले तेव्हा ते काठावर पंच्याने तोंड पुसत होते. माझ्याकडे न बघता दोरी गुंडाळायला लागले. मला वाटलं त्यांना आवडलं नाही.

निघताना म्हणाले, "आम्ही वरून जाळी सोडतो. खाली एवढी जागा असंल, असं वाटलंच नव्हतं."

कंपनीच्या साहेबांनी सुरुवातीला असल्या बांधणीला साफ नकार दिला. प्रयोग घरी करा, म्हणाले, कामावर नाही. मित्राने मात्र एका धक्क्याच्या कामात, जिथे खांब इतके जवळ होते की पाठीवरची जोडी मध्ये शिरत नव्हती, आमचे पट्टे घालून काम पुरं केलं. त्यानंतर साहेब स्वतः चाळीत आले. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून त्यांनी पट्टे हातात घेतले, टिपा नखाने ओढून बघितल्या, आणि विचारलं की असे आणखी शिवून मिळतील का. मी माप घ्यायला त्यांच्या माणसांना जमिनीवर पालथं झोपायला लावलं तेव्हा ती धडधाकट माणसं लाजली होती.

नवरा पुन्हा पाण्यात कामाला जायला लागला. रोज नाही, आणि जड काम तर नाहीच. तपासणीचं, बघण्याचं काम. त्याची पाठ पूर्ण अशी कधीच बरी झाली नाही. थंडीत अजूनही धरते. पण पाण्यात असला की ती त्याला आठवतसुद्धा नाही, असं तो सांगतो, आणि मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

खाण पुढे बुजवली. एका बाजूने डंपर येऊन राडारोडा टाकायला लागले आणि पाणी कायमचं दुधाळ झालं. आम्ही शेवटचे गेलो तेव्हा शिडीच्या कोपऱ्यात थोडं स्वच्छ पाणी उरलं होतं. आम्ही दोघं तिथे उतरलो. पलीकडून कुठेतरी दगड पडत होते आणि प्रत्येक दगडाचा ठोका छातीत लागत होता. तरी मासे होते. ते शिडीच्या पायऱ्यांमधून जात होते, येत होते, आणि आम्ही त्यांच्या बाजूला, हात न हलवता, कितीतरी वेळ थांबलो होतो.